एक्सएमएल सूची पुन्हा पुन्हा कोरी पडते तेव्हा: वर्डप्रेस आणि मराठी मजकूर

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका सांस्कृतिक संस्थेचे मराठी संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. गावोगावच्या जत्रा, जत्रेतील नाटके, भजनाचे कार्यक्रम आणि मठमंदिरांतील उत्सव यांच्या नोंदी कार्यकर्ते तेथे भरतात, आणि तीच माहिती एक्सएमएल या टॅगनी बांधलेल्या, ठरावीक रचनेच्या मजकुरातून बाहेर दिली जाते; या बाहेर दिलेल्या यादीलाच पुढे सूची म्हटले आहे. ती एक मोबाइल ॲप वाचते आणि कार्यालयाबाहेरचा दर्शनी फलकही वाचतो. तक्रार अशी की, संकेतस्थळावर सगळे कार्यक्रम नीट दिसत असताना ॲप मधूनच पूर्ण रिकामे होते. मग कोणीतरी सर्वांत शेवटी भरलेली नोंद काढून टाकते, सूची परत येते, आणि काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. अशीच तक्रार म्हापसा, डिचोली, मडगाव अशा ठिकाणच्या इतर मराठी संकेतस्थळांवरूनही येत असल्यामुळे कारणे आणि उपाय येथे सविस्तर मांडत आहे. उदाहरणे वर्डप्रेसची आहेत, पण हेडर (उत्तरासोबत जाणारी माहिती), फीड (इतर प्रोग्रॅमना वाचायला दिलेली सूची) आणि वर्डप्रेसची व पीएचपीची खास फंक्शन्स यांविषयीचा भाग वगळला तर बाकीचे कोणत्याही मजकूर-व्यवस्थापन प्रणालीला लागू पडते.

संकेतस्थळ ठीक आणि सूची मात्र मोडलेली, याचे मूळ एक्सएमएलच्या स्वभावात आहे. एक्सएमएलची पहिली आवृत्ती १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, आणि त्यात एक कडक नियम आहे: रचनेचा भंग आढळताच पार्सरने (एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) पुढचे नेहमीचे वाचन थांबवलेच पाहिजे. एचटीएमएल वाचणारा ब्राउझर अर्धवट टॅग, सुटी चिन्हे, मोडके बाइट असे सगळे पोटात घालतो आणि काहीतरी दाखवतोच. त्यामुळे शंभर नोंदींपैकी एका नोंदीत एक वावगे चिन्ह आले तरी संकेतस्थळावर त्याचा मागमूस नसतो आणि ॲपला मात्र एकही नोंद मिळत नाही. दोषी नोंद काढून टाकल्याने सूची सुरू होते हे खरे, पण ज्या वाटेने ते चिन्ह आत आले ती वाट उघडीच राहते, आणि नोंदी भरणारी माणसे उद्याही त्याच वर्ड फाइलमधून मजकूर चिकटवणार असतात.

तपासणीची सुरुवात ब्राउझरमधून करू नये. ब्राउझर एक्सएमएल रंगीत आणि घडी घातलेल्या स्वरूपात दाखवतो, त्यामुळे सर्व्हरने नेमके काय पाठवले ते कळत नाही. कमांड-लाइनवरील कर्ल या साधनाने संपूर्ण उत्तर एका फाइलमध्ये उतरवून घ्यावे, एक्सएमएल तपासणाऱ्या एक्सएमएललिंटकडून ती फाइल तपासून घ्यावी आणि बाइट सोळा-आधारी अंकांत दाखवणाऱ्या एक्सएक्सडीने तिचे पहिले सोळा बाइट पाहावेत. निरोगी फाइलची सुरुवात ३सी ३एफ ७८ ६डी ६सी या पाच बाइटांनी होते, म्हणजे कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि 'एक्सएमएल' ही तीन अक्षरे. हेडर तपासताना एक फसगत टाळावी. केवळ हेडर मागणारी विनंती आली, तर वर्डप्रेस फीडच्या टेम्प्लेटपर्यंत (सूची छापणाऱ्या फाइलीपर्यंत) जाण्याआधीच काम थांबवतो. साहजिकच टेम्प्लेटमध्ये लिहिलेली हेडरची ओळ त्या उत्तरात येत नाही आणि आपण नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. म्हणून विनंती पूर्ण उत्तराचीच करावी आणि हेडर त्यासोबत पाहावेत.

पहिल्या बाइटाआधी दुसरे काही आले असेल, तर ब्राउझर सांगतो की एक्सएमएलची घोषणा दस्तऐवजाच्या अगदी आरंभीच चालते. त्यासोबत बहुधा दुसऱ्या ओळीचा क्रमांक असतो, कारण पहिली ओळ रिकामी असते. ही रिकामी ओळ सूचीच्या टेम्प्लेटमधली नसून थीमच्या फंक्शन्स फाइलमधून किंवा भलत्याच एखाद्या प्लगइनमधून आलेली असते. पीएचपीच्या समाप्ती-खुणेनंतरची लगतची एकच नवी ओळ पीएचपी गिळून टाकते, पण दुसरी ओळ किंवा खुणेनंतरची एखादी मोकळी जागा तशीच बाहेर जाते. निव्वळ पीएचपीच्या फाइलींत ही समाप्ती-खूण लिहायचीच नाही, हा उपाय सर्वांत सोपा. रिकाम्या ओळीऐवजी ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट दिसले, तर एखादी पीएचपी फाइल बीओएमसह (यूटीएफ-८ ची खूण म्हणून फाइलच्या आरंभी येणाऱ्या या तीन बाइटांसह) जतन झालेली आहे. ती एडिटरमध्ये उघडून बीओएमविना यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची प्रचलित पद्धत) म्हणून पुन्हा जतन करावी. आणि सुरुवातीला एखादी इंग्रजी सूचना छापलेली आढळली, तर चालू संकेतस्थळावर पीएचपीच्या चुका पडद्यावर दाखवण्याची सोय सुरू राहिली आहे. ती बंद करून चुका लॉगमध्ये वळवाव्यात.

हेडरचा दोष वेगळ्या रूपात दिसतो. वर्डप्रेसचे ॲड_फीड हे फंक्शन वापरून स्वतःच्या नावाची फीड नोंदवली की, पर्मालिंकच्या (पत्त्यांच्या रचनेच्या) सेटिंग्जच्या पानावर जाऊन ती एकदा पुन्हा जतन करेपर्यंत पत्ता सापडत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढची पायरी मात्र अनेकांकडून राहून जाते. वर्डप्रेसला ओळखीच्या नसलेल्या फीडसाठी तो ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम हा प्रकार पाठवतो, म्हणून ब्राउझर सूची दाखवण्याऐवजी फाइल उतरवून घेऊ लागतो. फीड_कंटेंट_टाइप या फिल्टरमधून आपल्या फीडसाठी ॲप्लिकेशन/एक्सएमएल असे सांगितले की हे थांबते. एवढे करूनही सूची पहिल्या वेळी बरोबर आणि दुसऱ्या वेळी एचटीएमएल म्हणून येत असेल, तर संशय पानांच्या कॅशेवर (आधी बनवून साठवलेल्या प्रतींवर) घ्यावा. काही कॅशे प्लगइन मजकूर साठवतात, पण त्यासोबतचे हेडर साठवत नाहीत. सूचीचा पत्ता कॅशेतून वगळणे हा त्यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

यानंतरचे दोष मजकुरातले. गोव्यातील संकेतस्थळांवर ते इतरत्र न दिसणाऱ्या एका रूपात भेटतात, ते म्हणजे रोमन लिपीतली पोर्तुगीज वळणाची नावे. या संस्थेच्या ॲपमध्ये स्थळाचे नाव मराठीसोबत रोमन लिपीतही द्यावे लागते, आणि चोडण बेटाच्या रोमन नावात (Chorão) 'ए' या अक्षरावर नागमोडी खूण येते. जुन्या एचटीएमएल पानांवरून उचललेल्या मजकुरात हे अक्षर 'अँड' चिन्ह, त्यापुढे 'एटिल्ड' आणि अर्धविराम अशा नावाच्या एंटिटीने (अक्षराऐवजी लिहायच्या सांकेतिक रूपाने) लिहिलेले असते. एचटीएमएलमध्ये अशा शेकडो नामधारी एंटिटी चालतात, पण एक्सएमएलला जन्मतः पाचच ठाऊक असतात: अँड, लहान-पेक्षा, मोठे-पेक्षा, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. न तुटणाऱ्या जागेची 'एनबीएसपी' ही सर्वत्र आढळणारी एंटिटीसुद्धा एक्सएमएलला अनोळखी आहे. क्रमांकाने लिहिलेल्या एंटिटी मात्र चालतात, आणि म्हणूनच 'कधी चालते, कधी नाही' असा भास होतो: वर्डप्रेस शीर्षके सजवताना क्रमांकाच्या एंटिटी वापरतो, तर माणसाने चिकटवलेल्या मजकुरात नावाच्या येतात. कस्टम फील्डमधला (नोंदीला जोडलेल्या जादा रकान्यांतला) मजकूर तर या सजावटीतून जातच नाही. 'पेडणे आणि बार्देश' लिहिताना कोणी मधला शब्द गाळून 'अँड' चिन्ह टाकले, किंवा चित्राच्या पत्त्यात रुंदी आणि उंची त्याच चिन्हाने जोडलेली असली, तर ते चिन्ह उघडेच बाहेर पडते.

तेच पोर्तुगीज अक्षर दुसऱ्या वाटेनेही येते. स्थळांची आणि जवळच्या फेरीबोटींची यादी एक्सेलमधून सीएसव्ही म्हणून जतन करून थीमच्या फोल्डरमध्ये ठेवली होती आणि टेम्प्लेट ती थेट वाचत असे. साध्या सीएसव्हीच्या पर्यायाने जतन केलेल्या त्या फाइलमध्ये हे अक्षर ई३ या एकाच बाइटाने लिहिलेले होते, तर यूटीएफ-८ मध्ये त्याला सी३ ए३ असे दोन बाइट लागतात. यूटीएफ-८च्या हिशेबाने ई३ ही तीन बाइटांच्या अक्षराची सुरुवात आहे. पुढचे दोन अपेक्षित बाइट न मिळाल्यामुळे पार्सर 'हा मजकूर योग्य यूटीएफ-८ नाही' असे सांगून थांबतो. एक्सेलमध्ये यूटीएफ-८ सीएसव्हीचा वेगळा पर्याय आहे, तोच निवडावा. मात्र तो फाइलच्या आरंभी बीओएम टाकतो आणि ते तीन बाइट पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटून त्या नावाचा शोध फसतो, म्हणून वाचताना ते आधी काढावेत.

आता देवनागरीकडे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट लागतात आणि साध्या मोकळ्या जागेला १. सारांश छोटा करण्यासाठी कोणी सबस्ट्र हे बाइट मोजणारे फंक्शन वापरले, तर काप चिन्हाच्या मध्येच बसू शकतो. शब्दांमधल्या जागा किती आहेत त्यावर काप कोठे पडेल ते ठरते, म्हणून काही नोंदी धडधाकट राहतात आणि काही मोडतात. चिन्हे मोजणारे एमबी_सबस्ट्र वापरल्याने बाइट तुटत नाहीत, पण अक्षराची मात्रा मागे पडून शब्द विद्रूप होऊ शकतो. सारांशासाठी वर्डप्रेसचे शब्दांवर काप घेणारे डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स मला सर्वांत बरे वाटते.

याच जातीचा, पण शोधायला फार चिवट असलेला दोष या संस्थेच्या सूचीत सापडला. 'पर्तगाळी मठ' या स्थळाची नोंद आली की सूची मोडत असे; 'सामूहिक स्तोत्रपाठ' या कार्यक्रमानेही मोडत असे; आणि 'मठातील कीर्तन' या शीर्षकाने मात्र काहीच होत नसे. कार्यकर्त्यांनी मठांच्या नोंदींत काही गोम आहे असे धरले होते. प्रत्यक्षात शीर्षकाचे शेवटचे अक्षर 'ठ' असणे एवढेच त्यांच्यात समान होते. टेम्प्लेटमध्ये शीर्षकाच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढताना ट्रिम या फंक्शनच्या यादीत ए० हा बाइटही दिलेला होता, कारण जुन्या रोमन एन्कोडिंगमध्ये न तुटणारी जागा त्याच बाइटाने लिहिली जाते. 'ठ'चे यूटीएफ-८ मधले बाइट आहेत ई० ए४ ए०. ट्रिम बाइटागणिक काम करते, म्हणून तिने शेवटचा ए० कापला आणि ई० ए४ असे दोन लोंबते बाइट मागे ठेवले. इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिलेला हा तुकडा तेथे वर्षानुवर्षे निमूट चालत असणार. मराठीत ट्रिमऐवजी यूनिकोडची जाण असलेली, म्हणजे शेवटी 'यू' लावलेली रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावी. मजकूर आधीच मोडका असेल तर अशी बदली काही न देता नल परत करते, हेही ध्यानात ठेवावे.

मोडक्या बाइटांची आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे, कारण ती दिशाभूल करते. वर्डप्रेसचे एस्क_एचटीएमएल आणि ५.५ या आवृत्तीपासून आलेले एस्क_एक्सएमएल ही दोन्ही फंक्शन्स अवैध यूटीएफ-८ मिळाले की रिकामा मजकूर परत करतात. त्यामुळे तोच दोष एका टेम्प्लेटमध्ये संपूर्ण सूची पाडतो, तर दुसऱ्यात फक्त एका कार्यक्रमाचे शीर्षक गायब करतो. नाव नसलेली नोंद दिसली की कार्यकर्ते 'कोणी तरी शीर्षक भरायला विसरले' असे म्हणून सोडून देतात.

न दिसणाऱ्या चिन्हांबाबत दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. एक्सएमएलच्या १.० आवृत्तीत टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न एवढी तीनच चिन्हे सोडून ३२ च्या खालची सगळी नियंत्रण-चिन्हे निषिद्ध आहेत. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात ओळ तोडणारे ११ क्रमांकाचे चिन्ह येते आणि पार्सर त्याचाच क्रमांक सांगून थांबतो. सीडाटाच्या, म्हणजे आतला मजकूर टॅग न मानता जसाच्या तसा घ्यावा असे सांगणाऱ्या, कुंपणात मजकूर घातला की सगळे सुरक्षित झाले, अशी समजूत सर्रास आढळते. सीडाटा केवळ कोनी कंस आणि 'अँड' चिन्ह यांपासून वाचवते. नियंत्रण-चिन्हे आणि मोडके बाइट तिच्या आतही तितकेच घातक असतात, शिवाय मजकुरात दोन चौकटी कंस आणि मोठे-पेक्षा हे चिन्ह लागोपाठ आले की ती स्वतःच बंद होते. तेव्हा ० ते ८, ११, १२ आणि १४ ते ३१ या क्रमांकांची चिन्हे नेमकेपणाने काढावीत. 'सर्व अदृश्य चिन्हे काढा' असा सरधोपट उपाय करू नये, कारण मराठीला त्यांतले एक लागते. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र अनेक कळफलक र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य असा लिहितात. तो जोडक काढला की पुढच्या अक्षरावर रफार चढतो आणि 'किनार्यावर' असे अशुद्ध रूप छापले जाते. एक्सएमएलला या जोडकाचे काहीच वावडे नाही.

सूची मोडलेली नाही, पण जुनीच दिसते, अशीही तक्रार येते. वर्डप्रेस फीडसोबत शेवटच्या बदलाची वेळ पाठवतो आणि ॲपने तीच वेळ परत दाखवली तर 'बदल नाही' असे ३०४ चे उत्तर देऊन मोकळा होतो. ही वेळ नोंदीच्या बदलावरून ठरते. नाटकाची वेळ रात्री दहावरून साडेदहा केली आणि तो बदल एखाद्या स्क्रिप्टने थेट कस्टम फील्डमध्ये लिहिला, तर नोंदीची वेळ हलत नाही आणि ॲपला नवी वेळ मिळत नाही. अशा स्क्रिप्टने शेवटी मूळ नोंदही पुन्हा जतन करावी.

तारखांचे थोडक्यात सांगतो. संकेतस्थळाची भाषा मराठी असेल, तर वारांची आणि महिन्यांची नावे मराठीतच बाहेर पडतात; एक्सएमएल शुद्ध असते, पण ॲपला तारीख उमगत नाही. नावे नसलेली, आयएसओ ८६०१ पद्धतीची तारीख अधिक ०५:३० या कालविभागासह द्यावी.

या सर्वांवर कायमचा उपाय दोन ठिकाणी करावा लागतो. पहिले ठिकाण म्हणजे सूची लिहिण्याची रीत. टेम्प्लेटमध्ये टॅग हाताने छापत मधे मजकूर घालण्याऐवजी पीएचपीच्या एक्सएमएलरायटरकडून सूची लिहून घ्यावी. टॅग उघडणे-मिटणे आणि विशेष चिन्हे झाकणे ते स्वतः करते. डॉमडॉक्युमेंट वापरायचे असेल तर मजकूर स्वतंत्र मजकूर-नोड म्हणून जोडावा, कारण घटक तयार करतानाच मजकूर दिला तर उघडे 'अँड' चिन्ह तेथे सूचना देऊन मजकूर तोडते. मात्र दोघांपैकी कोणीही मोडके बाइट किंवा नियंत्रण-चिन्हे आपणहून निस्तरत नाही. म्हणून प्रत्येक मजकूर एकाच फंक्शनमधून न्यावा आणि क्रम पाळावा: आधी यूटीएफ-८ वैध आहे का ते एमबी_चेक_एन्कोडिंगने पाहणे, मग नावाच्या आणि क्रमांकाच्या एंटिटी उकलून खरी अक्षरे करणे, त्यानंतर निषिद्ध चिन्हे काढणे, आणि शेवटी रायटरच्या हवाली करणे. एंटिटी आधी उकलल्या नाहीत तर रायटर त्यांचे 'अँड' चिन्ह पुन्हा झाकतो आणि ॲपमध्ये शीर्षकाच्या मध्ये आकड्यांची खिचडी दिसते. अवैध बाइट आढळलेच तर जुन्या रोमन एन्कोडिंगमधून रूपांतर करण्याचा मोह केवळ रोमन नावांच्या फील्डपुरता ठेवावा. देवनागरीवर तो प्रयोग केला तर सगळा मजकूर कचरा होतो.

दुसरे ठिकाण म्हणजे सूची देण्याची रीत. प्रत्येक मागणीला नवी सूची रचण्याची गरज कार्यक्रमांच्या यादीला नसते. नोंद बदलली की सूची आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावी, ती डॉमडॉक्युमेंटने वाचून पाहावी, आणि वाचन निर्दोष झाले तरच तिचे नाव बदलून ती प्रसिद्ध फाइलच्या जागी आणावी. वाचन फसले तर जुनी फाइल तशीच राहू द्यावी आणि ओळीच्या क्रमांकासह ईमेल संपादकाकडे जावा. या मांडणीत थीमच्या रिकाम्या ओळी फाइलपर्यंत पोहोचत नाहीत, एक्सएमएल फाइलचा प्रकार सर्व्हर स्वतः लावतो आणि पानांच्या कॅशेचा संबंधही सुटतो, म्हणून ॲड_फीडपेक्षा मी हीच पसंत करतो. एक पथ्य आहे. ब्लॉक एडिटरमध्ये खालच्या चौकटींतील कस्टम फील्ड नोंदीनंतर वेगळ्या विनंतीने जतन होतात, त्यामुळे नोंद जतन झाल्याक्षणी फाइल बनवली तर तिच्यात जुनीच वेळ येते. एखाद्या मिनिटानंतरचे एकवेळचे काम ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-क्रॉनमध्ये नोंदवून फाइल तेव्हा बनवावी.

शेवटी चाचणीसाठी एक नोंद मसुद्यात कायम ठेवावी: शीर्षक 'ठ'ने संपणारे, त्यात एक उघडे 'अँड' चिन्ह, मजकुरात 'किनाऱ्यावर' हा शब्द, चोडणचे रोमन नाव एंटिटीसह, आणि वर्डमधून आणलेली एक तोडलेली ओळ. थीम किंवा प्लगइन अद्ययावत केल्यावर चाचणी प्रतीवर ती प्रसिद्ध करून सूची एक्सएमएललिंटमधून काढावी, आणि मगच मूळ संकेतस्थळ अद्ययावत करावे.